बिल्ड फोल्डरची हकालपट्टी

मैथिलीने दुपारभर खपून प्रोग्रामची एक ओळ दुरुस्त केली, आणि बदललेल्या फाइल्स निघाल्या तीनशेच्या वर. ऑफिसात सगळ्यांचं काम एकत्र सांभाळायला गिट होतं. त्यातला 'बिल्ड' फोल्डर कुणी हाताने लिहीत नसे. प्रोग्राम तयार करताना तो आपोआप बनायचा. गिट मात्र तोही इमानेइतबारे जपायचं. त्या ढिगात तिची ओळ कोण शोधणार? काम तपासणारे अविनाशसर न बघताच 'ओके' म्हणत.

गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्या 'इग्नोर' यादीत तिने फोल्डरचं नाव घातलं. ढीग जिथल्या तिथे.

"तू आत्ता मनाई केलीस ने?" शेजारचा धवल म्हणाला. "पण त्या फाइल्स तर पहिलेपासून आत बसल्यात. त्यांना बाहेर काढावं लागेल, बेन."

"पुसल्या जातील ना पण?"

"ना, ना! फक्त गिट विसरेल. तुझ्या मशीनवर जशाच्या तशा राहतील."

तिने त्या बाहेर काढल्या आणि काम गिटवर चढवलं. तिच्या मशीनवर त्या राहिल्याही. इतरांच्या मशीनवर काय होईल, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अविनाशसर पाणीगेटला नयनाबेनच्या नृत्यशाळेत नवा प्रोग्राम दाखवायला गेले. तिथे बसून त्यांनी आधी गिटमधून ताजं काम उतरवून घेतलं. त्यात मैथिलीने फोल्डर काढल्याचा बदलही आला, आणि गिटने त्यांच्या लॅपटॉपवरचा बिल्ड फोल्डर साफ उडवला.

"अगं मैथिली, स्क्रीन कोरी आहे! नयनाबेन समोर बसल्यात!"

"सर, तिथेच बिल्ड पुन्हा तयार करा. थोडा वेळ लागेल."

"आत्ता? यांच्यासमोर?"

मागून काय झालं ते विचारणारं नयनाबेनचं "शुं थयुं?" ऐकू आलं आणि फोन कट झाला. धवलला एकाएकी खूप काम आठवलं.

संध्याकाळी सर थेट तिच्या टेबलापाशी आले.

"सर, चूक माझीच. तो फोल्डर मी परत गिटमध्ये टाकते."

"खबरदार टाकलास तर! बिल्ड सुरू झाला, स्क्रीनवर अक्षरं भराभरा धावायला लागली. नयनाबेननी सगळ्या स्टाफला बघायला बोलावलं. म्हणाल्या, बाकीचे तयार माल दाखवतात, तमे तो अमारी सामे ज ताजुं बनाव्युं! आमच्या डोळ्यांदेखत ताजं बनवलंत म्हणे! काम आपल्यालाच मिळालं."

मैथिलीला हसावं की नाही कळेना.

सरांनी खुर्ची ओढली, लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि आवाज खाली आणला.

"उद्या तरसालीला दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचंय. पण हा फोल्डर परत तयार होऊन बसलाय. पुसायचा कसा, तेवढं शिकव मला."