नानांचं नाटक, तात्यांचं संगीत

कला माणसाला मोठं करते, याबद्दल विद्वानांत एकमत आहे. आमच्या भागात मोठी माणसं कलेच्या मदतीशिवायच तयार झालेली असल्यामुळे कलेकडे फक्त त्यांच्या स्वागताचं काम उरतं. ते काम महाविद्यालयांनी मनावर घेतलं आहे.

चौसाळ्याच्या संस्कृतीला बारावीनंतर अशा कला महाविद्यालयात जायचं होतं, जिथं नाटक आणि गाणं दोन्ही करता येईल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं शेळ्या वळणाऱ्या म्हातारीचं काम केलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसांनीसुद्धा मोबाइल खिशात ठेवले होते. असा मान चौसाळ्यात याआधी फक्त जेवणाच्या पंगतीला मिळाला होता. ती शांतता तिला पुन्हा एकदा ऐकायची होती. बाकी तिची काही अट नव्हती.

तिचे वडील आप्पा यांचं हायवेवर टायरचं दुकान. त्यांनी निवड शास्त्रशुद्ध करायची ठरवली, म्हणजे लेकीला मोटरसायकलवर मागं बसवून भागातली दोन्ही कॉलेजं बघून यायची. मांजरसुंब्याच्या फाट्यावरून पाटोद्याच्या अंगाला गेलं की पुढारी नानांचं कॉलेज लागतं आणि केजच्या अंगाला त्यांचे विरोधक तात्यांचं. (दोन्ही कॉलेजांना थोर पुरुषांची नावं आहेत. ती लेटरहेडवर वापरतात.)

नानांच्या कॉलेजचा भर नाटकावर. सभागृह प्रशस्त, पडदा मखमली, आणि रंगमंचाच्या मधोमध सत्कारमूर्तींसाठी तांबडा सोफासेट. त्यामुळे इथल्या नाट्यविभागाला स्वतःची शैली लाभली आहे. इथली सगळी नाटकं सोफ्यावर घडतात. ऐतिहासिक नाटकात राजे सोफ्यावर बसून लढाईला निघतात. मागच्या वर्षी जंगलाचा प्रवेश होता, तेव्हा सोफ्याला लिंबाच्या फांद्या बांधल्या. नेपथ्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

"सर, सोफा बाजूला कावून करत न्हाई?" संस्कृतीनं प्राचार्यांना विचारलं.

"सिमेंटात बसवलाय, बाळा. आधीचे दोन निवडणुकीत गेले."

"मला म्हातारीचं काम येतं."

"चालंल की. पण म्हातारी सोफ्यावर बसंल ना?"

"ती शेळ्या वळती, सर."

"मग शेळ्या खाली ठेवू," प्राचार्य म्हणाले. ते स्वभावाने तडजोडीचे होते.

तात्यांच्या कॉलेजचा भर संगीतावर. अनेक रागांत शक्ती वाया न घालवता तिथं एकाच गाण्यावर प्रभुत्व मिळवतात. ते म्हणजे स्वागतगीत. त्यात पाहुण्याच्या नावापुरती जागा मोकळी सोडलेली आहे. नाव लांब असलं की तबलजी एक मात्रा सोडून देतो. पाहुण्याच्या पदव्याही गायच्या असल्या, तर तो चहाला जातो. गायन वर्षभर उभ्यानेच चालतं, कारण अकराचा पाहुणा तीनच्या आत येत नाही. दमसास वाढवण्याची अशी सोय मोठमोठ्या शहरांत नाही.

"शिकवायला कोण हाय?" आप्पांनी विचारलं.

"पद मंजूर हाय," भूगोलाचे सर म्हणाले. संगीताचा जादा कार्यभार त्यांच्याकडे होता. "माणूस तेवढा मंजूर न्हाई. पण पोरी शिकत्यात आपल्याआप. उभ्या राहून राहून."

"पाहुणे येईस्तोवर स्टेजवर कोण आसतं, सर?" संस्कृतीनं विचारलं.

"कोणीच न्हाई. माइक आसतो. चालू."

"आन समोर?"

"समोर समदी माणसं. उठून जाता येत न्हाई त्यांला. दारात तात्यांची पोरं उभी आसत्यात."

घरी संस्कृतीची आई विमलबाई यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नानांच्या बाजूनं कौल दिला. "तिथं बसून तरी काम हाय. तात्याकडं पोरीचे पाय जातेल."

"दोघांच्याबी गाड्या आपल्याच दुकानावर थांबत्यात," आप्पा म्हणाले. "मला कुणाशीच वाकडं घ्यायचं न्हाई. तू बोल, बाई."

संस्कृतीनं तुलना थोडक्यात मांडली. नानांकडे रंगमंच आहे, पण तो सोफ्याने व्यापला आहे. तात्यांकडे भरलेलं सभागृह, चालू माइक आणि रिकामा रंगमंच चार तास एकत्र मिळतात. नाव तात्यांकडे घातलं.

ऑगस्टात गुणगौरव समारंभ आला. पाहुणे नेहमीप्रमाणे यायचे होते आणि नेहमीप्रमाणे आले नव्हते. पोरी ओवाळणीची ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या. संस्कृतीनं ताट खाली ठेवलं, सत्काराच्या ढिगातली एक शाल डोक्यावरून घेतली आणि माइकसमोर कमरेत वाकली.

"माजी एक शेळी हायवे वलांडून गेली बाबांनो, कुणी पायली का?"

आधी हसू आलं. मग म्हातारी रस्त्याच्या कडेला उभी राहून एकेक ट्रक मोजू लागली, मधेच शेळीसाठी तिच्या आवडीचं गाणं म्हणू लागली, आणि हसू कमी होत गेलं. मोबाइल खिशात गेले. भूगोलाच्या सरांनी चहावाल्याला हातानंच थांबवलं. सभागृहात सातशे माणसं होती, आणि पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. संस्कृतीनं तो ऐकला. आता एकच वाक्य उरलं होतं. शेळीचं काय झालं, ते त्या वाक्यात होतं.

तेवढ्यात बाहेर सायरन वाजला. पाहुणे त्या दिवशी लवकर आले होते, म्हणजे दीड तासच उशिरा. सातशे माणसं एका वेळी उठली आणि दाराकडे वळली. पोरींनी स्वागतगीत धरलं. म्हातारीनं शाल सारखी केली, घाई न करता शेवटचं वाक्य पूर्ण म्हटलं, सातशे पाठींना, आणि ताट उचलून ओळीत जाऊन उभी राहिली.

ते वाक्य काय होतं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. साहजिक आहे. पण तिनं ते म्हटलं तेव्हा तिसऱ्या रांगेत खुर्चीवर चढून, फोन उंच धरून, दाराचा व्हिडिओ काढणारे तुम्हीच होतात.