हैदराबाद दीड तासावर

"एवढ्या लांब पोरीला धाडायचं नाय!" कलाबाईंनी ठणकावलं, आणि सावळीरामांनी तिथेच घोळ घातला. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली. स्वतः विमानात एकदाही बसले नव्हते, पण आडगावात विमानाच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा.

"लांब कसलं? ओझरहून हैदराबाद हवेतून पावणेसहाशे किलोमीटर. दीड तास फक्त! घोटीहून तुझ्या बहिणीला यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

दिशा हैदराबादला नोकरीवर रुजू झाली आणि कलाबाईंनी नवऱ्याचं बोलणं अगदी मनावर घेतलं. शेजारच्या सरिताच्या बाळाचं बारसं, ये गं. मावसभावाचा साखरपुडा, ये गं. बिचारी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा चक्क भरल्या वांग्यांसाठी बोलावणं गेलं, तेव्हा तिने रजा नाही म्हणून सांगितलं.

"दीड तासाला कसली रजा? जेवायच्या सुट्टीत ये की!" असं म्हणून कलाबाई रुसूनच बसल्या.

दिशाने मग बापाला गाठलं. "बाबा, साहेब म्हणाले, आणखी एक रजा घेतलीस तर नोकरी विसर. आईच्या डोक्यात हे तुम्हीच घातलंय, आता तुम्हीच काढा."

सावळीरामांनी काढून पाहिलं. विमानतळावर दोन तास आधी पोचावं लागतं, तपासणी असते, बॅगेसाठी ताटकळावं लागतं, तिकडच्या शहरात गर्दी तर विचारूच नका. कलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मग तवा खोटं बोललात, का आता बोलताय?"

"तूच एकदा जाऊन बघ," ते म्हणाले, आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन तिकीट काढून मोकळे झाले.

कलाबाई सकाळी सातला घरातून निघाल्या. ओझरला तपासणीत लेकीसाठी घेतलेला नारळ अडवला, त्यावरून अर्धा तास हुज्जत झाली. विमान दोन तास उशिरा सुटलं. हैदराबादला लोणच्याची बॅग सगळ्यांत शेवटी आली, आणि पुढे भर उन्हात गाड्यांच्या रांगेत जीव नकोसा झाला. संध्याकाळी पाचला त्यांचा फोन आला.

"अहो, मेले मी! सातला निघाले ती आत्ता टेकले. कंबर गेली कामातून. लय लांब हाय हो पोरगी! आता तिला उगाच कधी बोलवायची नाय, देवाशपथ."

सावळीराम खुर्चीतून उठलेच. पोरीची नोकरी वाचली होती! आनंदाने त्यांना काय करू नि काय नको असं झालं.

"मी काय सांगत होतो? बरं, परतीचं तिकीट उद्याचं काढू का परवाचं?"

"परवाचं? शुद्धीवर हाय का तुम्ही? एवढ्या लांब माणूस काय दोन दिवसांसाठी येतं? आता दिवाळी झाल्यावर बघू."

जून नुकताच लागला होता. मागून दिशाचा आवाज आला, "राहू द्या ना बाबा तिला! मला रोज गरम जेवण मिळेल."

सावळीराम हळूच पुन्हा खुर्चीत बसले.

"ऐक ना, ठेवू नकोस लगेच," ते अगदी नरमाईने म्हणाले. "डाळीला कुकरच्या शिट्ट्या किती काढायच्या?"