पेटीचं अस्तर

"पेटीच्या आतलं कापड मी आणतो," धाकटा म्हणाला, तेव्हाच ताईने ओळखलं, हे काही धड व्हायचं नाही. बाबा पहाटे गेले होते. शाळेत भूमिती शिकवणारा हा भाऊ तेव्हापासून रडला नव्हता, नुसती मोजपट्टी घेऊन फिरत होता.

सुताराने शवपेटी आणून ठेवली. धाकट्याने तळ, झाकण आणि चारही बाजूंची क्षेत्रफळं काढली, बेरीज केली आणि नेमकं तेवढंच पांढरं कापड आणलं. बोटभरही जास्त नाही.

ताई कात्री घेऊन बसली. झाकण झालं, बाजू झाल्या. तळाची वेळ आली, तर हातात नुसत्या चिंचोळ्या पट्ट्या.

"पुरत नाही रे."

"शक्यच नाही. क्षेत्रफळ बरोबर आहे."

"मग क्षेत्रफळच अंथर बाबांच्या खाली!"

"तळ राहू द्या," सुतार हळूच म्हणाला, "तो कुणाला दिसतोय?"

कोपऱ्यात बसलेली आई ताडकन उठली. "उघड्या फळीवर झोपवताय? थंडी सोसत नाही त्यांना!" तिने जाड रजई आणली आणि दुहेरी करून तळाला अंथरली. आता थंडीचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बाबांना आत ठेवलं. झाकण काही बसेना.

"काय अडतंय?" ताईने विचारलं.

"नाक," सुतार खाली मान घालून म्हणाला.

हयातीतही ते प्रत्येक गोष्टीत मध्ये यायचं. पण आज कुणी हसलं नाही.

"रजई काढू या का, आई?"

"हात तर लावून बघ!"

शेवटी सुताराने पेटीच्या काठावर चारी बाजूंनी फळ्या ठोकून उंची वाढवली. झाकण बसलं. पण त्या नव्या फळ्या आतून उघड्याच. ताईने उरलेल्या पट्ट्या लावायला घेतल्या. तीन बाजू झाकल्या, डोक्याकडची राहिली.

धाकट्याने पेन्सिल काढली. "उंची वाढली, म्हणजे परिमिती गुणिले..."

आईने त्याचं मनगट धरलं. "पुरे, बाळा. गेलेत ते."

पेन्सिल गळून पडली. पेटीच्या काठावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. त्याचे डोळे पुसायला ताईने आजूबाजूला चाचपून पाहिलं. एक चिंधीसुद्धा शिल्लक नव्हती.