परमुलखीच्या परवान्याची दुसरी स्वारी आणि मागली खोली गमावल्याची हकीकत

मुलूख जिंकणारांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु परमुलखी जाऊन शिकण्याचा परवाना, ज्यास लौकिकी स्टुडंट व्हिसा म्हणतात, तो कोणत्या हालांनी हस्तगत होतो हे लिहिण्यास कोणी दौत उघडली नाही. सबब ऐकिले तितके जसेच्या तसे आणि न ऐकिले ते त्याहून खात्रीने येथे लिहिले आहे. वाचणारांनी शंका काढू नये. निघालीच तर आपल्या पदरी ठेवावी.

तर ऐसे जाहले. अखंडनिद्रामंडित राजश्री थोरले चिरंजीव यांस परमुलखीच्या विद्यापीठाने सांडपाणी शुद्ध करण्याची विद्या शिकण्यास बोलाविले. घरची मोरी तुंबली की नाक धरून गच्चीवर पळणारा हा पुरुष. परंतु विद्यापीठास ते ठाऊक नव्हते आणि घरच्यांनी कळविले नाही. मग मामासाहेब, जे मसलतीस पहिले आणि पानावरून उठण्यास शेवटले, त्यांनी अवघ्या गल्लीत डंका पिटला की भाचा आता तिकडचाच, बंगला बांधील, गाडी घेईल, मागे वळून म्हणून बघणार नाही. हे चिरंजीवांच्या कानी इतक्या वेळा पडले की त्यांस ते खरेच वाटू लागले. आणि पहिल्या स्वारीत वकिलातीच्या काचेपलीकडून, शिक्षण संपल्यावर पुढे काय, ऐसा साधा सवाल आला तेव्हा त्यांनी बंगल्याच्या जिन्यापावेतो सर्व मनसुबा सांगून टाकिला. परवाना शिकण्याचा होता, वस्तीचा नव्हता. अर्ज नामंजूर जाहला, आणि सबब ऐसी आली की हा मनुष्य माघारी जाईल याचा भरवसा वाटत नाही.

त्याहून थोर अनर्थ घरी मांडला होता. चिरंजीव जाणारच ऐसे धरून धाकटी, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, वयाने लहान आणि जिभेने सर्वांत वडील, तिने तोंडावर परीक्षा आली हे निमित्त करून चिरंजीवांच्या मागल्या खोलीवर छापा घातला, आणि त्यांची न वाजणारी गिटार, एकपायी मोजे आणि व्यायामाचे न उचललेले वजन ऐसा सर्व सरंजाम दिवाणखान्यात हद्दपार केला. पराभूत चिरंजीव परतले तो खोलीस आतून कडी. फिर्याद आईसाहेबांच्या हुजुरात गेली. निवाडा आला की पोरीची परीक्षा आहे, तू कोचावर नीज. बाबासाहेब वर्तमानपत्राच्या आड गेले आणि निवाडा पुरा होईतो बाहेर आले नाहीत. मग चिरंजीव कोचावर राहू लागले. कोच आखूड, पाय बाहेर, आणि पहाट होते न होते तो मामासाहेब त्या पायांवर बसून बातम्या लावीत.

अशात विद्यापीठाचा खलिता आला की याच सत्रास दाखल व्हावे, पुढे जागा राखली जाणार नाही. म्हणजे दुसरी स्वारी फसली तर विद्या गेली आणि कोच जन्माचा जाहला.

मग एजंट नावाचे मुत्सद्दी गाठिले. त्यांनी मायदेशाच्या जलसेवेचे एक बाणेदार भाषण पढविले आणि फर्माविले की अक्षर इकडचे तिकडे होऊ नये. ज्या मामासाहेबांनी बंगला बांधिला होता त्यांनीच तो पाडून, स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे चष्मा नाकावर ओढून साहेबाचे सोंग घेतले, आणि चिरंजीव अलीकडे उभे राहून सेवेची शपथ वाहू लागले. मोर्चा रंगात आला तो बंद खोलीतून आवाज आला.

"दादा, 'स्वप्न' म्हणताना छताकडे बघू नकोस. पाल दिसल्यासारखं वाटतं."

येणेप्रमाणे तयारी करून, इस्त्रीचा सदरा आणि उसना पट्टा चढवून, दुसऱ्या स्वारीस कूच जाहले. वकिलातीच्या दालनात खुर्च्यांच्या रांगा, थंड हवा, आणि प्रत्येक उमेदवार ओठांत काही पुटपुटतो आहे. चिरंजीवांनी कान देऊन ऐकिले तो सर्वत्र जलसेवा. कोणी जलाचे जागी आरोग्य घातले होते, कोणी पूल. बाकी शपथ तीच, स्वप्न तेच. एजंटाने एकाच साच्यातून अवघी फौज काढिली होती. हे ध्यानी येते न येते तो चिरंजीवांचा पुकारा जाहला.

काचेपलीकडे एक प्रौढ बाई, केस आखूड, मुद्रा पोस्टातल्या खिडकीसारखी बंद. त्यांनी परमुलखीच्या भाषेत पुसले ते येथे आपल्या भाषेत उतरविले आहे. विचारिले की माघारी येण्यास कारण काय. चिरंजीवांनी "माझ्या मायदेशाच्या" येथवर मजल मारली आणि बाईंनी हात वर केला.

"हे मी सकाळपासून ऐकते आहे. तुम्ही का परत याल?"

तेव्हा भाषण जे पळाले ते दालनाबाहेर गेले. चिरंजीवांनी पाल नसता छताकडे पाहिले आणि तोंडास आले ते बोलिले.

"बहिणीने माझी खोली घेतली आहे. ती मला परत घ्यायची आहे."

बाईंनी टंकणारी बोटे थांबविली आणि खोली कैसी आहे म्हणून पुसले. मग चिरंजीवांस कंठ फुटला. सांगितले की खिडकी खालच्या चौकटीस लाथ दिल्यावाचून लागत नाही, आणि लाथ कोठे द्यावी हे त्यांस एकट्यासच ठाऊक. की कपाटाचे दार पुठ्ठ्याची घडी कोंबून उभे आहे. की मेजावर कर्कटकाने कोरलेले बैल आहेत आणि त्यांतला बैलासारखा न दिसणारा बैल धाकटीने काढिला आहे. शेवटी आवाज उतरवून हेही कबूल केले की ती त्यांच्याहून हुशार आहे, खोली तिलाच हवी, तरी ते सोडणार नाहीत.

बाई पुन्हा टंकू लागल्या. मग म्हणाल्या, "माझीही बहिणीने घेतली होती. अजून तिच्याकडेच आहे." आणि पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेऊन पुढल्यास पुकारिले.

काही दिवसांनी कुरियरवाल्याने लखोटा आणिला. आत पासपोर्ट, पासपोर्टात परवाना चिकटविलेला, वर चिरंजीवांची घाबरलेली छबी. आईसाहेबांनी तो पदराने पुसला, बाबासाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेविले, आणि मामासाहेबांनी हे सर्व आपल्या सोंगामुळे जाहले ऐसे ठरवून गल्लीकडे धाव घेतली. मग मागल्या खोलीची कडी निघाली. धाकटी बाहेर आली, पान उलटून परवान्याची अखेरची तारीख पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बराच वेळ काही टोचून बोलेना, तेव्हा घरच्यांस चिंता पडली.

चिरंजीवांनी थोर मन करून फर्माविले की खोली तुला बक्षीस.

"नको," ती म्हणाली. "बक्षीस-बिक्षीस काही नको. येऊन भांडून घे."

आणि कडी लावून घेतली. मग आतून खिडकीच्या चौकटीवर लाथा ऐकू येऊ लागल्या, सर्व चुकीच्या ठिकाणी. चिरंजीव दाराशी उभे राहून ऐकत राहिले, तो आईसाहेबांचा हुकूम आला की मोरी तुंबली आहे, विद्वानांनी बघावे. आणि त्या दिवशी ते गच्चीवर पळाले नाहीत.

येणेप्रमाणे परवाना फत्ते जाहला, मोरी अर्धी मोकळी जाहली, खोली शत्रूकडे राहिली. तह कोणताही जाहला नाही. तो न होणे हीच या स्वारीची थोर कमाई, ऐसे जाणून येथे नमूद केले असे.