माया उतरली की गाडी चालू

गाडीचा रोग आता आपणच शोधायचा, असं गुलाबराव गजभिये यांनी एका रविवारी ठरवलं. निर्णय तसा लहानच होता. पण रायपूरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं मेंटेनन्स फोरमन राहिलेल्या माणसाने लहान निर्णय घेतला, की घरच्यांनी आधी जेवून घ्यावं हे बरं.

रोग विचित्र होता. अठरा वर्षांची गाडी मजेत चालत असे आणि एखाद्या गतिरोधकावर गचका बसला की गपकन बंद पडे. मग माणसं धक्का मारायला खाली उतरत, आणि धक्का लागायच्या आधीच ती सुरू होई. गॅरेजमध्ये मात्र एकदाही बंद पडायची नाही. तपासणीला साहेब आल्यावर वर्ग बसतो तशी गुमान उभी राहायची.

"अंकल, ये फ्यूल पंप का चक्कर है," मेकॅनिक लोकेश म्हणाला. "पंप पिछली सीट के नीचे रहता है. सीट उठा के देख लूँ?"

"सीटले हात लावू नको!" गुलाबराव असे ओरडले की लोकेशच्या हातातला पाना पडला. "नवीन कव्हर हाय!"

(कव्हर गाडीच्याच वयाचं होतं.)

"हव," म्हणून लोकेशने सीट सोडून बाकी सगळं बदललं. फिल्टर झाला, प्लग झाले, रिले झाला. गाडी पुढच्याच गतिरोधकावर बंद पडली.

शेजारच्या पद्मजाताई लिंबू-मिरची घेऊन आल्या. गुलाबरावांनी त्यांना अंगणातच उभं करून अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं. "आम्ही बाबासाहेबांची माणसं. आम्ही कारण शोधतो, ताई. मशीन कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलते." (हे वाक्य लक्षात ठेवा.) मग त्यांनी एक रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: तारीख, जागा, गाडीत कोण, कारण.

महिनाभराने निष्कर्ष आला. गाडी नऊ वेळा बंद पडली होती, आणि नऊही वेळा मागच्या सीटवर त्यांची बायको माया होती. ते एकटे असताना किंवा पुढे मुलगा यशदीप असताना एकदाही नाही. शेवटचा रकाना नऊ वेळा भरला गेला: माया, माया, माया.

"म्हणजे मी पनवती हाय म्हणता?" मायाने विचारलं.

"पनवती म्हणजे अंधश्रद्धा. मी आकडे सांगून राहिलो."

त्या दिवसापासून माया ई-रिक्षाने फिरू लागली. तिला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. कारण पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिला मान होता. ती मितानिन होती, घरोघर जाऊन लोकांची तब्येत पाहणारी. दातांवर तंबाखूचा काळा गुडाखू घासत बसणारा निम्मा पारा तिने त्या व्यसनातून सोडवला होता. सुरुवात घरापासून केली होती. दोन वर्षांपूर्वी गुलाबरावांनी बुद्धवंदनेनंतर सगळ्यांसमोर गुडाखू सोडल्याचं जाहीर केलं, आणि त्याऐवजी एक चांगली सवय लावून घेतली. रोज सकाळी पंधरा मिनिटं गाडी पुसायची. (दारं आतून लावून गाडी पुसणारा रायपुरातला हा एकमेव माणूस असावा.)

याच कामासाठी नवा रायपुरात मायाचा सत्कार ठरला. वेळ अकराची. तिकडे बस धड मिळत नाही आणि ई-रिक्षावाला एवढ्या लांब येईना.

"मी गाडीतच बसीन," निळी साडी नेसलेली माया म्हणाली आणि आपले प्रचाराचे तक्ते घेऊन मागे बसली. यशदीप पुढे बसला. गुलाबरावांनी रजिस्टर सोबत घेतलं.

नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर पहिलाच गतिरोधक आला आणि गाडी बंद. साडेदहा वाजले होते.

"माया, उतर. आत्ता चालू होते पाह्य."

"काहून उतरू? आज सत्कार माझा हाय. तुम्ही उतरा."

"पापा, लोकेश भैया को लगाता हूँ," म्हणत यशदीपने फोन स्पीकरवर टाकला. फोनमधून लोकेश ओरडला, "अरे, अब तो सीट उठाओ!"

"नाही उठवायची!" गुलाबराव ओरडले.

"काहून नाही? दोन वर्षांपासून मले इथं काहीतरी खुपून राहिलं," माया म्हणाली. ती खाली उतरली आणि तिने सीट उचलली.

खाली पंपावरचं पत्र्याचं झाकण काढून छान जागा केलेली होती. तिथे गुडाखूच्या सहा डब्या ओळीने बसवल्या होत्या, आणि त्यांतली एक बरोबर पंपाच्या वायरवर. वर माया असताना गचका बसला की डबी दबे, वायर सुटे आणि पेट्रोल थांबे. माया उतरली की सगळं जागच्या जागी.

"क्या निकला?" लोकेशने विचारलं.

"पंप के ऊपर गुडाखू है, भैया."

"किसका?"

गुलाबराव लांबच्या एका झाडाकडे पाहत होते.

"महिनाभर मले रिक्षात बसवलं," माया एवढंच म्हणाली. तिने सहाही डब्या पर्समध्ये टाकल्या, वायर दाबून बसवली आणि सीटवर परत बसली. मागून पंपाचा गूंऽऽ आवाज आला. पुढचे चार गतिरोधक गाडीने हूं की चूं न करता ओलांडले.

हॉल भरला होता. शाल-श्रीफळ झालं आणि माया बोलायला उभी राहिली. तिच्या भाषणाचं पहिलं वाक्य गुलाबरावांना पाठ होतं. ती आठवडाभर आरशासमोर तेच म्हणत होती: माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी गुडाखू सोडला.

मायाने पर्स उघडली. सहा डब्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"माझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली, "आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गुडाखू सोडला."

हॉल टाळ्यांनी दणाणला. दुसऱ्या रांगेत बसलेले गुलाबरावही सवयीने जोरजोरात टाळ्या वाजवू लागले, तेव्हा यशदीपने वाकून त्यांचे हात खाली केले.

"पापा, आप मत बजाओ."