आप्पांनी सीईटी लढवली

राधाकिशन आप्पांनी निवडणुकीत उभा केलेला आजवर एकच माणूस पडला होता. तो त्यांचा साडू होता आणि त्याला मुद्दाम पाडला होता! असा माणूस भिणार कशाला? धाकटा अमरसिंह सीईटीला बसणार म्हटल्यावर आप्पांनी नेकनूरच्या भर बाजारात सांगून टाकलं, "पोरगं पुण्याच्या सरकारी कॉलेजात जाणार. झालं म्हणून समजा!"

अमरसिंहानं वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं, एवढीच काय ती किरकोळ अडचण.

बीडच्या क्लासवाल्या सरांनी आप्पांना समजावलं, "आप्पा, इथं पर्सेंटाईल बघतात. अमरच्या शिफ्टला शंभर पोरं आहेत असं धरा. त्यातली नव्वद त्याच्या बरोबरीला किंवा खाली राहिली, की त्याला नव्वद."

आप्पा ताडकन उठले. "म्हंजी मागं माणसं पाहिजेत! आवो, मग आदी सांगायचं न्हाई का? आमी जन्मभर दुसरं केलंय काय?"

"पण आप्पा, शिफ्टला हजारोंनी पोरं असतात. दहावीस पोरांनी काय..."

"सर, दहावीस मतांनी सरपंच पडतेत. तुमी गणित शिकवा, हे आमच्यावर सोडा!"

झालं! आप्पांची जीप गावोगाव फिरली. बारावी सायन्सला असून सीईटीचा नाद सोडलेली पोरं हुडकून त्यांचे फॉर्म आप्पांनी भरले. ऊसतोडीला जाणाऱ्या साखराबाईची करिष्मा त्यातच. फॉर्म भरायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तिनं नाद सोडलेला.

एवढं सगळं होऊन हॉलतिकिटं आली, तर फौज फुटलेली! कुणाला ही तारीख, कुणाला ती. अमरसिंहाच्या शिफ्टला आली एकटी करिष्मा.

"एक तर एक! हक्काचं मत हाय," आप्पा म्हणाले.

"अभ्यास करू का, आप्पा?" अमरसिंहानं विचारलं.

"मी कशाला बसलोय बे?"

बापाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून अमरसिंह झोपला.

परीक्षेला जाताना आप्पांनी रिवाजाप्रमाणे दोघांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवू घातलं आणि करिष्माला बजावलं, "पेपर कोरा ठेवायचा."

"कावून? चुकलं तर मार्क कटत न्हाईत की, आप्पा."

"बरं, मार काँप्युटरवर कायबी टिचक्या. पण अमरदादाच्या म्होरं जायचं न्हाई!"

"त्याला किती पडणार, ते मला कसं कळंल?"

आप्पांनी आणखी एक शेवभाजी मागवली.

निकाल लागला. अमरसिंहाला अठरा, करिष्माला शहाण्णव!

आप्पा ओसरीवर तोंड लपवायला जागा शोधत होते, तोवर हलगी दारात आली. साखराबाई पायाच पडली. "आप्पा, तुमी देवमाणूस! माझ्या लेकराचा फॉर्म भरलात!"

आता रडावं तरी कसं? चारचौघांत आप्पांनी नारळ दिला, शाल घातली आणि घसा खाकरून म्हणाले, "आमचं काय त्यात? पोरगी हुशार हाय."

"तसं न्हाई, आप्पा," करिष्मा अगदी मनापासून म्हणाली, "शिफ्टमधी शंभरात माझ्या खाली जेवढी पोरं, तेवढा माझा आकडा. त्यात अमरदादाबी मोजलाय. त्याचे लई उपकार हायत!"

अमरसिंहानं संकोचून मान डोलावली आणि दुसरा पेढा उचलला.