सोळा ते छप्पन

अक्षयाच्या जन्मापासून, म्हणजे गेली अडीच वर्षं, मृणालची गिटार कपाटावरच होती. आता रविवारी पाच वाजता गुरुग्राममधल्या त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ती वाजवणार होती. लिफ्टमधल्या सूचनापत्रकावर तिचं नावही लागलं होतं. आणि शुक्रवारी गिटारची सर्वांत बारीक तार तुटली.

"तू बाळाकडे बघ. खरेदी माझ्यावर सोड," सासरे मुरलीधरराव म्हणाले. एका केंद्रीय मंत्रालयाच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

मृणालने चिठ्ठीवर तारांच्या जाडीचे आकडे लिहिले, सोळा ते छप्पन. "बाबा, जाडच सेट हं. ही रेझोनेटर गिटार, पोटात धातूची थाळी असते. बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवायची. तार बारीक असली की नळीखाली दबते आणि खालच्या पट्ट्यांवर खडखडते."

"बिल्कुल. स्पेसिफिकेशन क्लिअर आहे."

शनिवारी ते दिल्लीहून विजयी चेहऱ्याने परतले. सेट होता दहा ते शेहेचाळीस.

"सोळा स्टॉकमध्ये नव्हतं. मग मी नियमात शिथिलता दिली. हलक्या आहेत, बोटांना त्रास नाही."

"अहो बाबा, बोटांचा प्रश्नच नाहीये!"

तिने दहा मिनिटांत भाजी पोचवणारं ॲप उघडलं. तारा होत्या, पण चिमुकल्या चार-तारी उकुलेलेच्या. जाऊ दे, जुन्या पाच आहेतच, असं म्हणत ती अक्षयाला भरवून बाहेर आली, तर गिटार बोडकी.

"जुना माल निकाली काढला," मुरलीधरराव पक्कड पुसत म्हणाले. "तोडावा लागतो, नाहीतर परत स्टोअरमध्ये शिरतो."

रविवारी दुपारी अक्षया झोपल्यावर मृणालने नव्या तारा चढवल्या आणि नळी टेकवली. स्टीलच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा आवाज आला. अक्षया उठून बसली.

"ढिल्या आहेत. आवळ ना," सासऱ्यांनी सुचवलं.

मृणालने आवळल्या. खडखड खरंच कमी झाली. आणखी आवळल्या.

टण्ण!

"अक्षू, मागे हो! डोळ्याला लागेल!"

टण्ण! दुसरीही गेली. चार वाजले होते. मृणाल सोफ्यावर बसली. "नाव काढायला सांगते," ती म्हणाली, आणि तिने फोन उचलला.

मुरलीधरराव खाकरले. "तशा... जुन्यातल्या तीन आहेत. सगळ्यात जाड."

"तोडल्या होत्यात ना?"

"दोनच. तोडताना साक्षीदार लागतो. तुझ्या सासूबाई मध्येच उठून गेल्या."

"दूध उतू जात होतं!" शालिनीताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "ह्यांच्या तारांसाठी दूध घालवू?"

पाच वाजता मृणाल तीन तारांवर वाजवायला बसली. नळी सरकली, आणि असा खोल, रेंगाळणारा सूर निघाला की मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले. संपल्यावर सेक्रेटरी धावत आले. "भाभीजी, दिवाली पर भी आप ही! और यही तीन तार वाला लाना, प्लीज़."

"स्पेसिफिकेशन माझं," मुरलीधरराव शेजाऱ्यांना सांगत होते.

आठवड्याने सोळा ते छप्पनचा सेट मागवल्याप्रमाणे घरपोच आला. मृणाल पाकीट उघडेपर्यंत मुरलीधररावांनी ते घेतलं, तीन तारा मोजून तिच्या हातात दिल्या आणि उरलेल्या तीन कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

"बाबा! सहा लागतात!"

"मंजुरी तीनचीच आहे," ते म्हणाले. "तूच सिद्ध केलंस."